माझ्या कॉलरीवरचा बिब्बा

माझ्या मानेवर मागच्या बाजूला, केस संपतात तिथे, एक काळपट डाग आहे. केस कापताना न्हावी विचारतो, "आजोबा, भाजलं होतं का?" मी सांगतो, भाजलं नाही, बिब्बा उतला होता. आताच्या न्हाव्याला बिब्बा माहीत नसतो. मग मी खुर्चीत बसल्या बसल्या सगळं सांगतो आणि मागे बाकावर बसलेली माणसं खोळंबतात. खोळंबू देत. हा डाग मी कमावलेला आहे.

मी दुसरीपर्यंत शिकलो, तेसुद्धा शाळेच्या ओट्यावर बसून. आत बसायची आमच्या आळीला परवानगी नव्हती. आळी म्हणजे डोंबिवलीजवळच्या कोपरचा महारवाडा. खाडीकडे तोंड करून वीस-बावीस घरं, पुढे मिठागरांचे बांध, मागे रेल्वेचे रूळ. मी कल्याणच्या बंदरावर एका लाकडाच्या वखारीत कामाला होतो. रुळांच्या कडेने चालत जायचो, चालत यायचो. अंगात ताकद होती आणि डोक्यात खुमखुमी होती. अजून आहे.

स्वातंत्र्य आलं तेव्हा मी राज्य करणाऱ्या पक्षात होतो. पक्षांची नावं मी लिहीत नाही. तेव्हाच्या लोकांना कळतील, आताच्यांना त्याने काही फरक पडत नाही. आमच्या लोकांचा स्वतःचा पक्ष होता आणि आख्खी आळी त्या पक्षाची. मी एकटा पांढऱ्या टोपीवाला. पहिल्या मोठ्या निवडणुकीत मी भिंती रंगवल्या, खळीचे डबे वाहिले, घरोघरी फिरलो. आळीतले लोक हसायचे. माझी बायको सगळ्यात जास्त हसायची.

"अहो, ते तुम्हाला भिंतीपर्यंत नेतात," ती म्हणायची. "दारातून आत कधी घेतात का, ते बघा एकदा."

मी म्हणायचो, घेतील. धीर धर. मला खरंच वाटत होतं.

मग तो कायदा आला. शिवाशिव पाळणं हा गुन्हा, दुकानात कोणाला अडवलं तर शिक्षा. साल पंचावन्न असावं. पक्षाने डोंबिवलीत सभा ठेवली आणि गावच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. अध्यक्ष धान्याचे व्यापारी, माणूस गोड बोलणारा. म्हणाले, "या सभेला तू वर बसायचंस. व्यासपीठावर, खुर्चीवर, माझ्या शेजारी."

मी घरी आलो तो हवेतच. खुर्चीवर मी तोपर्यंत बसलो नव्हतो. वखारीत ओंडक्यावर बसायचो, शाळेत ओट्यावर बसलो होतो. लग्नातला एक पांढरा सदरा पत्र्याच्या पेटीत होता. तो काढला. बायको म्हणाली, आणा, मी धुते. मी म्हणालो, तू धुशील, पण इस्त्री? व्यासपीठावर बसायचं म्हणजे कडक इस्त्री पाहिजे. लाँड्रीत टाकतो.

डोंबिवलीत स्टेशनजवळ तेव्हा एकच लाँड्री होती. मागच्या अंगणात मोठी भट्टी, पुढे दुकान, दुकानात कोळशाची इस्त्री. मुंबईच्या ऑफिसात जाणाऱ्या सगळ्या बाबू लोकांचे कपडे तिथे. मालक परीट, चाळिशीचा, कपाळावर कायम घाम. मी सदरा पुढे ठेवला.

"कुठे राहता?" त्याने विचारलं.

"कोपरला."

"नवीन बिऱ्हाड वाटतं. थांबा, खूण करून घेतो."

आता ही खूण काय ते सांगतो. शंभर घरांचे कपडे एकत्र उकळले तर कोणाचा कुठला कसं कळणार? म्हणून परीट प्रत्येक घराला एक खूण देतो. बिब्ब्याच्या काळ्या बीला सुई टोचायची, सुईच्या टोकावर त्याचा रस येतो, त्याने कॉलरीच्या आत खूण काढायची, वरून चुन्याचं बोट फिरवायचं. काळीभोर होते. कापड फाटेल पण खूण जायची नाही. प्रत्येक लाँड्रीचं आपलं एक चिन्ह असतं आणि त्याखाली घराची निशाणी. या लाँड्रीचं चिन्ह होतं चंद्रकोर. चंद्रकोरीखाली त्याने माझे तीन ठिपके काढले.

"पुढच्या वेळी नुसता टाकून जा," तो म्हणाला. "झाली तुमची खूण."

झाली तुमची खूण. काय सांगू, ते ऐकून मला केवढं बरं वाटलं. जशी सरकारी वहीत नोंद झाली.

तेवढ्यात मागून कोणीतरी खांद्यावर थाप मारली. बघतो तर माझे दुसरीचे मास्तर. त्यांचा कोट न्यायला आले होते. केस पिकले होते, पण आवाज तोच.

"अरे, तू! केवढा झालास! आळीत सगळे बरे ना? बाप आहे का रे?" आणि मग परिटाकडे वळून कौतुकाने, "फार हुशार पोरगं होतं बरं का. बाहेर बसून पाढे म्हणायचा आणि आतल्यांच्या आधी पुरे करायचा."

परिटाचा हात थांबला. "बाहेर बसून?"

मास्तरांचा चेहरा एकदम उतरला. बोलून गेले होते, आता परत घेता येत नव्हतं. वाईट मनाचा माणूस नव्हता. प्रेमानेच बोलला. पण त्या एका शब्दाने माझी जात त्या दुकानभर झाली.

परिटाने सदरा दोन बोटांत उचलला आणि फळीवर माझ्याकडे सरकवला.

"घेऊन जा."

"का? खूण केलीस ना आत्ता?"

"केली ती चुकून. माझी भट्टी एकच आहे. आख्ख्या गावाचं कापड तिच्यात उकळतं. तुझा सदरा त्यात गेला असं कळलं तर उद्या इथे कोण येईल?"

आत्तापर्यंत 'तुम्ही' होतो, आता 'तू' झालो. मी म्हणालो, "कायदा झालाय. माहीत नाही का?"

"कायदा काय कपडे टाकायला येणार आहे माझ्याकडे?" तो म्हणाला आणि इस्त्रीकडे वळला. मास्तर कोट घेऊन खाली मान घालून निघून गेले.

मी सदरा घेऊन घरी आलो. बायकोने हात पुढे केला, मी दिला नाही. "हा सदरा धुतला जाईल तो त्याच भट्टीत," मी म्हणालो. "नाही तर धुतलाच जाणार नाही."

"आणि सभेला काय घालणार?"

"हाच."

मी हट्टाला पेटलो की ती नुसती बघायची.

सभेच्या आधी मी अध्यक्षांना गाठून सांगितलं. ते म्हणाले, "आज नको रे. आज चांगला दिवस आहे. आज त्याचं नाव काढू नकोस, मी बघतो." मी वर जाऊन खुर्चीत बसलो. माझा सदरा चुरगळलेला, शेजारी अध्यक्षांची खादी अशी कडक, की बाहीची घडी सुरीसारखी उभी. ती इस्त्री कुठली ते मला माहीत होतं.

अध्यक्ष बोलायला उठले. म्हणाले, आता या देशात कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. माझ्याकडे हात करून म्हणाले, "हे बघा, आमचा हा बंधू आज आमच्या मांडीला मांडी लावून बसलाय!" टाळ्या पडल्या. आणि माझी मान पेटली होती. बिब्बा ताजा होता. खूण केल्यावर कपडा भट्टीत उकळला की त्याचा तेज रस जातो. माझा सदरा भट्टी न बघताच परत आलेला. घामाने तो रस मानेवर उतरला आणि ते चाललेलं भाषण संपेपर्यंत मी दात आवळून बसलो. हात मागे नेला नाही. व्यासपीठावर मान खाजवणारा माणूस म्हणून मला कोणी बघितलेलं मला चाललं नसतं.

दुसऱ्या दिवशी फोड आले, पाणी भरलं. बायको खोबरेल लावत बसली.

"खुर्ची मिळाली ना?" ती म्हणाली. "आता आठ दिवस उताणं झोपता येणार नाही तेवढंच."

सदरा तिने न धुता घडी करून पेटीत ठेवला. माझ्याकडे दुसरा पांढरा सदरा नव्हता. वर्षभर कुठे लग्न असो, बारसं असो, मी खाकी घालून जायचो.

मी फौजदाराकडे गेलो. फौजदार म्हणाला, "कपडेच धुवायचेत ना? मग खाडी आहे की तुमच्या दारात." हवालदार हसले. मी बाहेर पायरीवर बसलो. वखारीला दांडी मारून तीन दिवस बसलो. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, लेखी अर्ज आहे का? अर्ज मला कुठला लिहिता येणार. माझी अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी, आणि मुंग्याही वाट चुकलेल्या.

म्हणून मी मास्तरांच्या दारी गेलो. त्यांनी मला ओट्यावर नाही, आत बसवलं. त्यांची बायको दारात उभी राहून बघत होती, पण ते म्हणाले, "बस इथे." अर्ज त्यांनीच लिहिला, वळणदार अक्षरात. लिहून झाल्यावर म्हणाले, "साक्षीला मात्र मला बोलवू नकोस. माझं पेन्शन जवळ आलंय. तेवढं सांभाळून घे."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तो कागद हातात घेतला तेव्हा वाटलं, चला, दुसरीनंतरचं एक पान तरी मास्तरांनी मला आत बसवून लिहून दिलं.

अर्ज बघून फौजदाराने केस नोंदवली. कल्याणच्या कोर्टात ती जाणार असं कळल्यावर अध्यक्ष स्वतः वखारीवर आले. मी ओंडके रचत होतो. खाली उतरलो नाही, वरूनच बोललो.

"अरे, ही केस मागे घे," ते म्हणाले. "पक्षाची बदनामी होते."

"कायदा कोणी केला?"

"आपणच केला! म्हणून तर सांगतोय. आपल्याच कायद्याने आपल्याच माणसाला कोर्टात उभं करायचं, बरं दिसतं का? तो परीट आपला जुना मतदार आहे."

"आणि मी?"

"तूही आपलाच."

"मग दोन्ही आपल्या माणसांचे कपडे एका भट्टीत टाका. केस आत्ता मागे."

त्यांनी टोपी काढली, पुसली, परत घातली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ऐक. तुझा सदरा माझ्या घरी आणून दे. माझ्या गाठोड्यात घालून पाठवतो. धुऊन, इस्त्री होऊन येईल. कोणाला कळणारसुद्धा नाही."

हे मी आयुष्यभर विसरलो नाही. माणूस मला मदत करत होता. मनापासून करत होता. आणि त्याला कळत नव्हतं की मला कपडा धुऊन नको होता.

"अध्यक्ष," मी म्हणालो, "कळायलाच पाहिजे. नाही तर माझी बायको काय वाईट धुते?"

ते गेले. त्याच आठवड्यात मी टोपी खुंटीला टांगली. पक्ष सोडल्याचं पत्र वगैरे काही दिलं नाही. मला कुठे लिहिता येतं. टोपी खुंटीवर दिसली तेव्हा बायकोने विचारलं, "हिचं काय करू?" मी म्हणालो, भांडी उतरवायला घे.

त्या दिवसांत मराठी राज्याचं वारं सुटलेलं. मुंबई आमची म्हणून मोर्चे, सभा, भिंतीवर चुना. सगळे विरोधी पक्ष एकत्र आले होते आणि आमच्या लोकांचा पक्षसुद्धा त्यांच्यात गेला होता. त्यांच्या बाजूचा एक तरुण वकील डोंबिवलीत राहायचा. तो आपणहून आळीत आला. म्हणाला, "दादा, तुमची केस मी चालवतो. फी नको. अशी केस म्हणजे सरकारच्या तोंडावर चपराक आहे."

मी विचारलं, "वकीलसाहेब, तुमचे कपडे कुठे जातात?"

तो जरा गडबडला. "त्याच लाँड्रीत."

"मग तुमच्या पुढच्या सभेत उभं राहून सांगाल का, की माझा सदरा तुमच्या कोटाबरोबर उकळला तर तुम्हाला चालेल? तोंडाने. सगळ्यांसमोर."

"सांगेन की."

"सांगा. मग बोलू."

मी सभेला गेलो, मागे उभा राहिलो. त्याने सांगितलं. मुंबईच्या भाषणाच्या मधोमध सांगितलं, माझ्या सदऱ्यासकट. पुढच्या रांगेतले चार-पाच जण उठून गेले, एकजण ओरडला, "विषयावर या!" तो म्हणाला, "हाच विषय आहे. राज्य मराठी झालं आणि भट्ट्या वेगळ्या राहिल्या तर काय उपयोग?" मी तिथल्या तिथे ठरवलं, हा चालेल. त्याच्या पक्षातही परिटाचे गिऱ्हाईक भरपूर होते, हे मला दिसत होतं. पण हा एक तोंडाने बोलला होता.

कोर्टात परीट पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी या माणसाला ओळखत नाही. हा कधी माझ्या दुकानात आलाच नाही."

मास्तर आले नव्हते. दुसरा साक्षीदार नव्हता. वकिलाने माझ्याकडे बघितलं. मी पेटीतून आणलेला सदरा पुढे केला. न धुतलेला, वर्षाचा वास मारणारा. वकिलाने कॉलर उलटी करून साहेबांना दाखवली. चंद्रकोर आणि तीन ठिपके.

"अशी खूण कोणीही काढील," परीट म्हणाला. "बिब्बा काय बाजारात मिळत नाही?"

साहेब म्हणाले, "ही याच लाँड्रीची खूण कशावरून?"

अध्यक्ष कोर्टात बसले होते. परिटाच्या बाजूने, त्याची चालचलणूक चांगली असं सांगायला आलेले. वकिलाने त्यांच्याकडे वळून विचारलं, "अध्यक्ष, आपले कपडे कुठे धुतात?"

मला वाटलं, हे म्हणणार, घरी. कोण तपासणार होतं? अध्यक्ष उठले. परिटाकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. मग हात मागे नेऊन स्वतःच्या खादीची कॉलर उलटी केली आणि साहेबांपुढे मान वाकवली. चंद्रकोर. खाली एक आडवी रेघ.

खोटं बोलले नाहीत. तेवढा त्यांचा मान मी अजून ठेवतो. मत नाही दिलं, पण मान ठेवतो.

साहेबांनी दोन्ही कॉलरी शेजारी शेजारी धरून बघितल्या. एका टेबलावर त्यांचा गळा आणि माझा सदरा. परिटाने कपाळावरचा घाम पुसला आणि हळूच म्हणाला, "खूण माझ्याच हातची आहे, साहेब."

त्याला दंड झाला. तुरुंग झाला नाही, आणि मला तो नकोही होता. कोर्टाच्या बाहेर आळीतली माणसं जमली होती. मला खांद्यावर घ्यायला निघाले. मी म्हणालो, सोडा, काम बाकी आहे. आणि चालत थेट डोंबिवलीला, लाँड्रीत.

परीट माझ्या आधी पोचला होता. इस्त्रीत कोळसे भरत होता.

"आता कशाला आलास?"

"सदरा टाकायला."

"कोर्टात माझी लाज काढलीस, ती पुरली नाही?"

"मी पेटीतून सदरा काढला. लाज तुझी तूच काढलीस."

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, दोघं बघत होती. मग त्याने सदरा घेतला. दोन बोटांनी नाही, पुऱ्या हाताने. सवयीने त्याचा हात सुईकडे गेला.

"खूण झालेली आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्यासमोर आत नेऊन तो सदरा भट्टीत सोडला. मी अंगणात उभा राहून बघितलं. बाबू लोकांची धोतरं, चादरी, कोणाची तरी खादी, आणि मध्ये माझा सदरा. पुढे महिनाभर काही घरांनी त्याच्याकडे कपडे दिले नाहीत. मग परत आले. गावात दुसरी भट्टी नव्हती, आणि मुंबईच्या ऑफिसात चुरगळून जाता येत नव्हतं.

सदरा आणायला गेलो तेव्हा तो कागदात गुंडाळून तयार होता. परीट म्हणाला, "घ्या." एवढंच. मी पण एवढंच ऐकायला गेलो होतो.

तो सदरा मी त्यानंतर पहिल्यांदा घातला तो सत्तावन्नच्या मतदानाला. आळीतली सगळी माणसं बरोबर, बायको पुढे. तोवर आम्ही जुना धर्मही मागे टाकला होता आणि बायको त्या दिवसापासून माझ्या पुढेच चालते. मतदान त्याच शाळेत होतं जिच्या ओट्यावर मी बसायचो. फाटकाशी अध्यक्ष हात जोडून उभे होते. माझ्या सदऱ्याकडे बघून म्हणाले, "कडक आहे हो इस्त्री."

"तुमच्याच भट्टीतली," मी म्हणालो.

ते हसले. कसंबसं, पण हसले. मी ओटा ओलांडून वर्गात गेलो. चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्या वर्गाचं आतलं छत मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. साधं होतं, कौलांचं, एक कौल सरकलेलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. चिठ्ठी घेतली आणि त्या वकिलाच्या पक्षाच्या पेटीत टाकली.

बाहेर आलो तर बायको थांबली होती. माझी कॉलर मागे उलटी झाली होती, ती सरळ करायला तिने हात वर केला.

"राहू दे," मी म्हणालो. "दिसू दे."